मध्ये बसलेला हत्ती

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुझा विश्वास बसणार नाही," मी नातजावयाला म्हणालो. "आणि बसलाच, तर मी माझी नात परत घेऊन येईन. इतक्या भोळ्या माणसाच्या घरात आम्हाला पोरगी ठेवायची नाही."

सन्मती हसला. पोरगा गुणाचा आहे. सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि तरीही माझ्याशी मराठीत बोलतो. त्या दिवशी रविवारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. आमटीत मीठ नव्हतं. आमटी माझ्या धाकट्या सुनेच्या हातची, त्यामुळं पंगतीतलं एकही माणूस त्यावर ब्र काढत नव्हतं. सगळे माना खाली घालून भुरके मारत होते. हात धुताना सन्मती माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आजोबा, याला इंग्रजीत 'एलिफंट इन द रूम' म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे खोलीत हत्ती उभा आहे. सगळ्यांना दिसतोय. पण कोणी त्याचं नाव काढत नाही. कारण नाव काढलं की पुढचं सगळं निस्तरावं लागतं."

"हे आलं कुठून?"

"नक्की कोणाला माहीत नाही. कोणी अमेरिका म्हणतं, कोणी इंग्लंड."

"चूक," मी पानाचा डबा उघडत म्हणालो. "ते आलं निपाणीच्या अलीकडनं. तुझ्या आजीच्या माहेरच्या दिवाणखान्यातनं. हत्ती आला तेव्हा मी तिथं बसलो होतो."

माझी बायको, म्हणजे आमच्या चंद्राबाई, उंबऱ्याशी सूप घेऊन बसल्या होत्या. तिनं मान वर केली नाही. माझी गोष्ट सुरू झाली की ती तांदूळ निवडायला घेते. तांदूळ कितीही महागाचा आणा, माझ्या गोष्टीत त्यात खडे निघतातच.

"हिला विचार हवं तर," मी म्हणालो. "साठाच्या वर वर्षं ऐकत आलीय. एकदाही 'खोटं' म्हणाली नाही."

सुपातले तांदूळ एकदा वर उडून खाली आले. मी पुढं सुरू केलं.

तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि माझं लग्न जमत नव्हतं. दोष माझ्यात नव्हता. दोष होता भूपालमामांच्या तोंडात. वडील लवकर गेले, तेव्हापासून आमच्या घरचा कारभार मामा बघायचे. माणूस देवासारखा, फेटा बांधला की राजासारखा. पण त्यांना आश्चर्य फार वाटायचं. आणि वाटलं की तोंड उघडं पडायचं. ते उघडं पडलं की बंद करायला कोणीतरी हात लावावा लागायचा. त्याआधी मिरजेला एक मुलगी बघायला गेलो होतो. त्यांच्याकडं नवीन थंड पाण्याचं कपाट आलेलं. यजमानांनी दार उघडलं, आतनं गार वारा आला, दिवा लागला, आणि मामा सगळ्यांदेखत ओरडले, "अगं आई गं! आत हिवाळा हाय की!" आठवड्यात निरोप आला: मुलगा बरा आहे, पण घराण्यानं काही बघितलेलं दिसत नाही.

त्या दिवशी मामांनी आमची जैन बसदी गाठली, देवासमोर हात जोडले आणि नेम घेतला. भाच्याचं लग्न जमेपर्यंत परक्याच्या घरात कशाचंही आश्चर्य करायचं नाही. छपरातनं सूर्य खाली पडला तरी 'होय का' म्हणायचं आणि पुढचं विचारायचं. माझ्याकडनंही तोच नेम वदवून घेतला.

आणि मग चंद्राचं स्थळ आलं. मी ते ऐकून रात्रभर खूश होतो, कारण मुलगी मी बघितलेली होती. तिला माहीत नव्हतं. चिकोडीच्या जत्रेत मोठा पाळणा मध्येच अडकला. वर बसलेली माणसं रडत होती, कोणी नवस बोलत होतं, खाली बायका ऊर बडवत होत्या. सगळ्यांत वरच्या पाळण्यात एक पोरगी एकटी बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. टरफलं खाली टाकत होती. त्यातलं एक माझ्या डोक्यावर पडलं. मी वर बघितलं, तर ती ओरडून पाळणेवाल्याला म्हणाली, "ओ, दोर सुटलाय तो त्या बाजूचा! रडणाऱ्यांकडं काय बघताय?" पाळणा सुटला. मी मात्र तिथंच अडकलो. पोरगी कोणाची ते विचारून घेतलं आणि ते टरफल घरी आणलं. आता नाही विचारायचं कुठं आहे.

तर, ती मुलगी. ती मिळाली नसती तर मी दुसरी बघायला जाणार नव्हतो. आईला तसं सांगितलंही होतं. आई म्हणाली, "मग मामांना सांभाळ."

आम्ही एस.टी.नं गेलो. फाट्यावर उतरून गावापर्यंत धुळीतनं चालत. मामांना ते सलत होतं. वेशीपाशी त्यांनी धोतर झटकलं, माझ्या सदऱ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "आदगोंडा, कशानं आलो ते बोलायचं नाही. ते मी बघतो."

तवनाप्पा मगदूम, म्हणजे माझे सासरे, तंबाखूचे व्यापारी. त्यांचं घर म्हणजे मुळात तंबाखूची वखार. माल ठेवायला जागा कमी पडली तेव्हा त्यांनी दुसरी वखार बांधली आणि जुनीत राहायला आले. मध्ये भिंती घातल्या, पुढं मोठा दिवाणखाना केला, त्यात गाद्या-लोड टाकले. पण मालाच्या गाड्या आत यायचा दरवाजा होता तो तसाच ठेवला. पश्चिमेचा दरवाजा, दोन भरलेल्या बैलगाड्या शेजारून आत याव्यात एवढा. भिंतींतनं अजून तंबाखूचा खाट, तो नाकात झोंबणारा वास, यायचा. बसल्या जागी डोळ्यांतनं पाणी यायचं, त्यामुळं त्या घरात सगळी माणसं गहिवरल्यासारखी दिसायची.

एका खुर्चीत गोरा साहेब बसलेला. पिमसाहेब. तंबाखूच्या पानांची पारख शिकवायला विलायतेतनं आलेला आणि मगदुमांकडं उतरलेला. स्वराज्य येऊन बरीच वर्षं झाली होती, पण साहेब गरीब स्वभावाचा होता, त्याला कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. नुकताच त्याला ऊन लागून ताप येऊन गेला होता. तापात त्याला भिंतीवर राणी दिसली होती म्हणे. डॉक्टरनं सांगितलं होतं, साहेब, आता पुन्हा काही भलतं दिसलं तर सामान बांधा.

"या, या, बसा की वो," तवनाप्पा म्हणाले. "येताना तरास झाला न्हाई ना? कशानं आला?"

मामांनी मिशीवरनं हात फिरवला. "घरचंच वाहन हाय. मागनं येतंय."

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आणि मागच्या, त्या पश्चिमेच्या दारातनं हत्ती आत आला.

सन्मती, तू हसतोयस. हस. पण तेव्हा त्या खोलीत कोणी हसलं नाही, कोणी किंचाळलं नाही, कोणी उठलंसुद्धा नाही. तो हत्ती दारात थांबला नाही. 'येऊ का' असं त्याच्या चालण्यात काही नव्हतं. तो सरळ चालत दिवाणखान्याच्या मधोमध आला, इकडं आमची गादी, तिकडं त्यांची गादी, त्याच्या बरोबर मध्ये त्यानं चारी पाय दुमडले आणि बसला. जसा काही बैठकीला त्यालाही बोलावणं होतं.

मी मामांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडायला लागलं होतं. गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. मग मला दिसलं, माणूस स्वतःशी झगडतोय. नेम जिंकला. तोंड मिटलं. मामा म्हणाले, "होय का." आणि मग, "पाऊसपाणी कसं काय यंदा?"

आता त्यांच्या बाजूचं ऐक. हे मला नंतर कळलं. आमच्या भागात रीत अशी की पाहुण्याचं जनावर दारात आलं की त्याचं दाणापाणी यजमानानं बघायचं. पाहुण्यानं ते मागायचं नाही, यजमानानं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे हिशेब काढल्यासारखं. तवनाप्पांनी मनात म्हटलं, 'घरचं वाहन हाय म्हणाले, मागनं येतंय म्हणाले, आणि आलं.' त्यांनी डोळ्यांनीच आतल्या माणसाला खूण केली. आतनं उसाची मोळी आली. मग केळीचा घड आला. मग एक घमेलं भरून गूळ. हत्तीसमोर मांडलं आणि माणूस मागल्या पावली निघून गेला. जसं रोजचंच.

आणि आमच्या बाजूनं मामांनी ते बघितलं. माझ्या मांडीला चिमटा काढून कुजबुजले, "घरचा हाय रे त्यांचा. दिवाणखान्यात बसवत्यात. गूळ घालत्यात. गप बस. आपण रोज बघतो असं दाखव."

"मामा, आपण कधी रोज बघतो?"

"गप की!"

पोहे आले. चंद्रा घेऊन आली, पण आतल्या दारातनं, म्हणजे हत्तीच्या पलीकडनं. ताटल्या आतल्या माणसानं आमच्यापर्यंत आणल्या, ती मला दिसली नाही. आपल्याकडं मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणतात ना? मी मुलगी बघायला गेलो आणि मला तिचे पाय दिसले. हत्तीनं जरा कूस बदलली तेव्हा त्याच्या पोटाखालनं. जोडवी नव्हती, पैंजण होते, डाव्या पायाच्या अंगठ्याला कुंकवाचा ठिपका लागलेला. तेवढंच.

"मुलीला काही विचारायचं असंल तर विचारा," हत्तीच्या पलीकडनं तवनाप्पांचा आवाज आला.

मामांनी घसा साफ केला. "नाव काय बाळ तुझं?"

"चंद्रा." आवाज हत्तीला वळसा घालून आला.

"स्वयंपाक येतो न्हवं?"

"येतो. किती माणसांचा?"

हत्तीनं सोंड लांब केली आणि आमच्या ताटलीतले पोहे उचलले. मामांनी रिकामी ताटली खाली ठेवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "छान झाल्यात पोहे. लिंबू बेताचं हाय."

मग माझ्याकडं वळून, "पसंत हाय का?"

"पाय पसंत आहेत," मी म्हणालो.

तंबाखूचा खाट हत्तीच्या सोंडेत गेला तो याच वेळी. आधी त्यानं डोळे मिटले. मग कान मागं घेतले. मग शिंकला. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, कौलांतनं पारवे उडाले, समईची वात विझली आणि मामांचा फेटा उडून पिमसाहेबाच्या मांडीवर जाऊन पडला.

तवनाप्पांनी पडलेलं कॅलेंडर उचललं. मग तवनाप्पा म्हणाले, "वारं सुटलंय."

"होय," मामा बोडक्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाले. "बरं वाटलं. उकडतच होतं."

पिमसाहेबाची अवस्था मात्र बघवत नव्हती. तो फेटा मांडीवर घेऊन पांढरा पडला होता. आधीच पांढरा, त्यात अजून. तो एकदा हत्तीकडं बघे, एकदा आमच्याकडं. आम्ही पावसाचं बोलत होतो, उसाचं बोलत होतो. शेवटी तो मामांकडं वाकला. म्हणाला, "सर, इज देअर ॲन एलिफंट इन द रूम?"

मामांना इंग्रजी दोनच वाक्यं यायची. त्यातलं जास्त सभ्य त्यांनी वापरलं. "नो, थँक्यू."

साहेबानं डोळे मिटले. मला वाटतं तो मनातल्या मनात सामान बांधत होता.

इथवर गंमत होती. पण आता बघ काय झालं. बोलणी सुरू झाली, आणि ज्या बाजूला वळतील त्या बाजूला हत्ती! तवनाप्पा म्हणाले, "तुमच्याकडं जागेची काही अडचण नसंल." मामा म्हणाले, "अडचण कसली? तुमच्यासारखं न्हाई, पण हाय." दोघांच्याही मनात हत्ती. तवनाप्पा म्हणाले, "आमची पोरगी साधी वाढलीय वो. मोठ्या घराची सवय न्हाई तिला." त्यांना वाटत होतं, हत्तीवर बसून मुलगी बघायला येणाऱ्या घरात आपली पोर टिकायची कशी? उद्या हत्तीला आंघोळ घालायला लावतील. आणि मामांना वाटलं, हे हत्ती पाळणारे लोक आपल्याला नम्रपणे नाही म्हणतायत. मग मामाही नम्र झाले. "आमचं तर चारचौघांसारखंच हाय. तुमच्या मुलीचे लाड आमच्याच्यानं कसं व्हायचं?"

"छे छे, लाड कसलं. आम्हीच कमी पडू."

"न्हाई वो. आम्हीच."

"आम्हीच."

दोन भली माणसं एकमेकांना हात जोडून, अगदी प्रेमानं, माझं लग्न मोडत होती. आणि जे बोललं असतं तर एका वाक्यात सुटलं असतं, ते मध्ये बसून ऊस खात होतं.

त्यात दिवस चाललेला. तुला माहीत आहे सन्मती, आपल्यात दिवस मावळल्यावर कोणी तोंडात काही घालत नाही. होकार झाला की साखर वाटायची, दोन्हीकडच्यांनी ती खायची, मग स्थळ पक्कं. साखरेची ताटली तवनाप्पांच्या पुढ्यात झाकून ठेवलेली होती. दिवस मावळायच्या आत ती खाल्ली नाही तर त्या दिवशी होकार नाही. आणि मामांनी निघताना बजावलं होतं, आजचा होकार नाही तर पुन्हा त्या दारात जायचं नाही. तसं गेलं की घराण्याची किंमत उतरते.

दिवस किती उरला ते बघावं तर पश्चिमेचा दरवाजा हत्तीनं अडवलेला. खोलीत नुसता अंधार आणि हत्ती. सूर्य मावळला की आहे, कोणालाच कळेना. "दिवस हाय का अजून?" असं मामा दोनदा म्हणाले. तवनाप्पा दोनदा म्हणाले, "हितनं दिसत न्हाई." का दिसत नाही ते कोणी म्हणालं नाही.

मामा फेटा शोधायला लागले. म्हणजे निघायचं ठरलं. हत्तीच्या पलीकडं ती उभी होती, पाळण्यात शेंगा खाणारी, आणि त्या दिवशी मी तिचं तोंडसुद्धा बघितलेलं नव्हतं. उद्या ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरात जाणार. त्या घरात हत्ती नसेल, म्हणजे जमेल.

आणि मग सन्मती, मी उभा राहिलो.

त्या घरात माझ्यापेक्षा वयानं मोठी माणसं होती. मामांचा नेम होता, माझाही होता. पण मी उभा राहिलो, छाती पुढं काढली, आणि माझा आवाज तेव्हा कसा होता ते गावाला विचार, मी म्हणालो, "मामा! तवनाप्पाकाका! तोंडावर बोलतो, माफ करा. पण आपल्या मध्ये एक हत्ती बसलाय. हा हत्ती कोणाचा?"

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पडली असती तर हत्तीखाली गेली असती, पण ते जाऊ दे.

तवनाप्पा हत्तीच्या पाठीवरनं डोकं वर काढून म्हणाले, "म्हंजे... तुमचा न्हाई?"

मामा म्हणाले, "आमचा? तुमचा न्हाई?"

"तुम्ही म्हणाला, घरचं वाहन मागनं येतंय."

"आम्ही एस.टी.नं आलोय," मामा म्हणाले आणि गपकन खाली बसले.

पिमसाहेब खुर्चीतनं उठला. रडत होता बिचारा. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "थँक्यू! थँक्यू! देअर इज! देअर इज!" मग हत्तीपाशी गेला आणि त्याच्या कानाला हात लावून बघितलं, आणि पुन्हा रडला.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. निम्म्या तोंडाला साबण, निम्मी दाढी झालेली. "मालक, आमची बकुळा हितं आली का?" तो माहूत. पुढच्या तालुक्यात पंचकल्याणक पूजा होती, तिच्या मिरवणुकीला हत्तीण घेऊन चाललेला. वाटेत पारावर न्हाव्याकडं दाढीला बसला. न्हाव्यानं डोळे मिटायला सांगितले, यानं मिटले, तेवढ्यात बकुळाला मगदुमांच्या कोठीतल्या गुळाचा वास आला. म्हणजे ती हत्तीण होती. आम्हाला इतका वेळ ते कळलं नव्हतं. कळायला आधी तिच्याकडं बघावं लागतं.

"उठ गं," माहूत म्हणाला. बकुळा उठली, उरलेला ऊस सोंडेत घेतला, आणि कोणाचाही निरोप न घेता दारातनं गेली. दार मोकळं झालं आणि उजेड आत आला. उसाच्या फडावर अजून हातभर दिवस होता.

आणि उजेडात ती दिसली. समोर. तांबडं लुगडं. ती हसत होती. साखरेची ताटली तवनाप्पांनी उचलली, तिच्या हातात दिली, तिनं आधी मामांना दिली, मग मला. अशी साखर मी पुन्हा खाल्ली नाही.

मामांना साखर गिळवेना. ते दारात जाऊन उभे राहिले. आता लग्न जमलं होतं, नेम सुटला होता. दूर रस्त्यानं जाणाऱ्या बकुळेकडं बघत त्यांनी तोंड उघडलं ते रात्रीपर्यंत मिटलं नाही. "आई गं! आई गं! केवढा हत्ती वो!" शेजारी तवनाप्पा उभे. त्यांचंही तोंड उघडं. "काय सांगू पाहुणं, मी जन्मात एवढ्या जवळनं बघितला न्हवता!" दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रडायचेच बाकी होते. तंबाखूनं म्हणा.

पिमसाहेबानं सामान बांधलं नाही. पानांची पारख शिकवून झाल्यावर मग तो विलायतेला गेला. आणि तिथं काय, ज्याच्या घरी जेवायला बसेल तिथं हीच गोष्ट. नवरा-बायको रागावून गप्प बसलेले दिसले की तो हळूच विचारायचा, "इज देअर ॲन एलिफंट इन द रूम?" एकानं ऐकलं, त्यानं क्लबात सांगितलं, क्लबातनं पेपरात गेलं, तिथनं अमेरिकेत. आणि आता तू माझ्या सुनेच्या आमटीवरनं मलाच शिकवतोस!

सन्मतीनं टाळी वाजवली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आजोबा," तो म्हणाला, "हे मी सोमवारी वर्गात सांगणार. नाव घालून. मोठी माणसं गप्प बसली, आणि जो एक माणूस धीर करून उठला तो आदगोंडा चौगुले. बाकी हत्ती खरा की खोटा, ते पोरांना ठरवू दे."

"सांग की," मी म्हणालो. "आदगोंडा चौगुले, कागल. गाव पण सांग."

सुपाचा आवाज थांबला.

मला ते लगेच कळलं नाही. साठ वर्षं तो आवाज माझ्या गोष्टीच्या मागं चालत आला आहे, विहिरीच्या रहाटासारखा. तो थांबला की कानाला कसंतरीच होतं.

"हत्ती खरा हाय," चंद्रा म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि सन्मतीकडं वळली. "आमच्या दिवाणखान्यात बसला होता. मामांचा फेटा उडाला, तेबी खरं. साहेब रडला, तेबी खरं. माहुताची निम्मी दाढी, सगळं खरं."

"बघ," मी म्हणालो.

"पण उठलं कोण? हे?" तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हे लोडाला धरून बसले होते. मला दिसत होते पोटाखालनं. बाबा आणि मामा हात जोडून माझं लग्न मोडायला लागले, साखर तशीच ताटलीत, तेव्हा मी म्हटलं, आता कोण बोलायचं न्हाई. पदर खोचला, वाकले, त्या बकुळेनं कूस बदलली तशी तिच्या पोटाखालनं रांगत ह्या बाजूला आले आणि सरळ ह्यांच्यापुढं उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, 'हा हत्ती तुमचा का?'"

"चंद्रा," मी म्हणालो, "जाऊ दे की आता."

"इतकी वर्षं जाऊच देत होते. पण पोरं वर्गात शिकणार म्हणताय." ती सन्मतीकडं वळून म्हणाली, "हत्ती ह्यांच्यापासनं वीतभर होता, जावईबापू. त्याची सोंड ह्यांच्या मांडीवर होती. आणि ह्यांनी माझ्याकडं बघून काय विचारलं, माहीत हाय?"

"काय?"

"'कुठला हत्ती?'"